आकाशगंगेचा कुलवृत्तान्त

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास गावाबाहेर, दिव्यांचा उजेड नाही अशा ठिकाणी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की डोक्यावरून थोडा पुढे कललेला चित्रा हा पांढराशुभ्र तारा दिसतो. चित्रेपासून नजर सरळ खाली क्षितिजाकडे आणायची. हात लांब करून मूठ धरली, तर क्षितिजापासून साधारण अडीच मुठी उंचीवर एक पुसट ठिपका सापडतो. तो ताऱ्यासारखा टोकदार नसतो. कुणीतरी ओलं बोट फिरवून तारा जरासा पसरवला असावा, तसा तो दिसतो. महाराष्ट्रातून तो फारसा वर येत नाही, त्यामुळे दक्षिणेला डोंगर किंवा शहर असेल तर त्याचं दर्शन अवघडच. पण कोकणातल्या किंवा देशावरच्या मोकळ्या माळावरून, हवा स्वच्छ असेल तर, नुसत्या डोळ्यांनीही तो दिसतो.

प्राचीन काळी टॉलेमीनं आपल्या यादीत त्याची नोंद तारा म्हणून केली होती. १६०३ मध्ये बायरनं नरतुरंग तारकासमूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरं वाटली, तेव्हा याच्या वाट्याला 'ओमेगा' आलं. हा एकटा तारा नव्हे, हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅलेच्या लक्षात आलं. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचा असलेला हाच तो हॅले. आज आपल्याला माहीत आहे, की 'ओमेगा सेंटॉरी' म्हणजे सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा आहे आणि तो आपल्यापासून सतरा-अठरा हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

अशा गोळ्यांना गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. तारकागुच्छ म्हटल्यावर आपल्याला आधी कृत्तिका आठवतात. पण कृत्तिका आणि हे गोळे यांत फार अंतर आहे. कृत्तिकांचा गुच्छ विरळ, काहीशे ते हजारभर ताऱ्यांचा आणि वयानं पोरसवदा आहे. पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते, त्या काळात त्याचा जन्म झाला. गोलाकार गुच्छात मात्र लाखो तारे दाटीवाटीनं नांदतात. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा शेजारी तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यात तेवढ्या जागेत हजारो तारे मावतील. वयाचं म्हणाल, तर आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा आणि यातले बहुतेक गुच्छ बारा-तेरा अब्ज वर्षांचे. विश्वाचंच वय पावणेचौदा अब्ज वर्षं आहे, हे लक्षात घेतलं की या मंडळींची ज्येष्ठता कळते. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ आहेत.

जुन्या माणसांना जुन्या गोष्टी विचाराव्यात, एवढा साधा विचार यामागे आहे. आपली आकाशगंगा कशी घडली, ती एका झटक्यात उभी राहिली की तुकड्या-तुकड्यानं वाढत गेली, हा प्रश्न सोडवायचा तर तिच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्यांकडे जायला हवं. तसे हजर असलेले हेच आहेत. गेली शंभर वर्षं खगोलशास्त्रज्ञ त्यांची साक्ष नोंदवत आहेत आणि ही साक्ष नेहमी सरळ निघाली असं मात्र नाही.

पहिली मोठी साक्ष नोंदवली हार्लो शॅपले यांनी. हे गृहस्थ मोठे गमतीदार होते. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत रात्री ते तारे पाहत आणि दिवसा तिथल्या मुंग्या किती वेगानं पळतात ते मोजत. तापमान वाढलं की मुंग्यांचा वेग वाढतो, यावर त्यांनी रीतसर निबंधही लिहिले. तर या शॅपलेंनी गोलाकार गुच्छांतले विशिष्ट रूपविकारी तारे हेरले. हे तारे काही तासांच्या ठरावीक लयीत कमी-जास्त तेजस्वी होतात आणि त्यांचं मूळचं तेज जवळपास सारखं असतं. रस्त्यावरचे सगळे दिवे एकाच वॅटचे आहेत असं माहीत असलं, तर अंधूक दिसणारा दिवा किती लांब आहे ते सांगता येतं, तसंच हे. या युक्तीनं आणि तिच्या जोडीला आणखी काही अंदाज लावून शॅपलेंनी तेव्हा माहीत असलेल्या सत्तरएक गुच्छांची अंतरं काढली. १९१८ मध्ये त्यांनी हे गुच्छ अवकाशात कसे पसरले आहेत याचा नकाशा मांडला.

त्या काळी समजूत अशी होती, की सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे. पण गुच्छ सूर्याभोवती सारखे पसरलेले नव्हतेच. जवळपास एक-तृतीयांश गुच्छ एकट्या धनू राशीच्या दिशेला गर्दी करून होते. शॅपले म्हणाले, गुच्छांचा हा मोठा थवा आकाशगंगेच्या केंद्राभोवती आहे आणि ते केंद्र तिकडे धनू राशीत आहे; आपण कडेला पडलो आहोत. कोपर्निकसनं पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून उठवलं होतं, शॅपलेंनी सूर्यालाही उठवलं. केंद्राचं अंतर त्यांनी साठ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास सांगितलं. आज ते सुमारे सव्वीस हजार मानलं जातं. वाटेतल्या धुळीमुळे तारे अंधूक दिसतात, हे तेव्हा नीटसं माहीत नव्हतं आणि रूपविकारी ताऱ्यांच्या जातींमध्येही गल्लत झाली होती. आकडा चुकला, पण दिशा आणि निष्कर्ष बरोबर निघाला. विज्ञानात असं पुष्कळदा होतं आणि पाठ्यपुस्तकं मात्र ते सांगायचं टाळतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

आता या गुच्छांचं वय कसं कळतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. गुच्छातले जवळपास सगळे तारे एकाच ढगातून, एकाच सुमारास जन्मतात. त्यांचं वय सारखं, वजन मात्र वेगवेगळं. पूर्वी लग्नघरी संध्याकाळी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, कंदील, चिमण्या आणि पणत्या एकाच वेळी पेटवत. बत्तीत तेल भरपूर. पण तिची भूक त्याहून मोठी, म्हणून ती आधी मंदावायची. चिमणी रात्रभर मिणमिणत राही. मध्यरात्रीनंतर कुणी मांडवात आला, तर कोणती बत्ती विझली आणि कोणता कंदील अजून जळतोय, एवढं पाहून किती वाजले असतील याचा तो अंदाज बांधू शके. ताऱ्यांचंही तसंच आहे. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा आपलं हायड्रोजनचं इंधन दोन-तीन कोटी वर्षांत उधळून टाकतो. सूर्याला ते दहा अब्ज वर्षं पुरतं. सूर्याहून हलक्या ताऱ्याला त्याहूनही जास्त.

गोलाकार गुच्छांत पाहिलं, तर सूर्याएवढे तारे आपलं नेहमीचं आयुष्य संपवून गेलेले दिसतात. जेमतेम आठ-दशांश सूर्याएवढ्या वजनाचे तारे आता कुठे फुगून तांबडे राक्षसी तारे व्हायला निघाले आहेत. एवढ्या वजनाच्या ताऱ्याचं इंधन संपायला बारा-तेरा अब्ज वर्षं लागतात. म्हणून गुच्छाचं वय तेवढं.

याला पडताळा म्हणून दुसरी एक रीत आहे. विझलेल्या ताऱ्याचा गाभा श्वेत बटू म्हणून मागे राहतो आणि चुलीतल्या निखाऱ्यासारखा हळूहळू निवत जातो. सर्वांत निवालेला निखारा शोधला, की चूल कधी विझली ते कळतं. वृश्चिक राशीत ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी शेजारी 'एम ४' हा गुच्छ आहे. हार्वे रिचर, ब्रॅड हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण या गुच्छाकडे एकूण जवळपास आठ दिवस रोखून धरली आणि २००२ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्या अब्जांश तेजाचे श्वेत बटू त्यात सापडले. त्यांच्या थंडपणावरून निघालेलं वयही बारा-तेरा अब्ज वर्षांच्या घरातच आलं. दोन वेगळ्या घड्याळांनी एकच वेळ दाखवली.

पण त्याआधी काही वर्षं फार मोठा पेच पडला होता. १९९४ च्या सुमारास हबल दुर्बिणीनं विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला. त्यावरून विश्वाचं वय आठ ते बारा अब्ज वर्षं निघत होतं. गोलाकार गुच्छांचं वय मात्र चौदा-पंधरा अब्ज, काहींच्या हिशेबानं त्याहूनही जास्त. म्हणजे आईपेक्षा लेक थोरली! महास्फोटाचा सिद्धान्तच चुकीचा आहे की काय, अशी चर्चा सुरू झाली. फ्रेड हॉयल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली होती. तिच्यात विश्वाला एकच एक आरंभ नव्हता, त्यामुळे कितीही म्हातारा तारा सापडला तरी तिला अडचण नव्हती. या प्रश्नाकडे बोट दाखवणं गैर नव्हतं. आकडे खरोखरच जुळत नव्हते.

ते जुळले दोन्ही बाजूंनी. १९९७ मध्ये हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहानं ताऱ्यांची अचूक अंतरं प्रसिद्ध केली. गुच्छ मानले जात होते त्यापेक्षा जरा लांब, म्हणजेच त्यांतले तारे मूळचे जास्त तेजस्वी आहेत, असं त्यावरून दिसू लागलं. जास्त तेजस्वी म्हणजे जास्त उधळे, म्हणून तरुण. गुच्छांचं वय खाली आलं. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानं होत आहे असं दोन गटांनी दाखवलं आणि तो हिशेब धरल्यावर विश्वाचं वय वर गेलं. आज आई पावणेचौदा अब्ज वर्षांची आणि लेकी बारा-तेरा अब्जांच्या आहेत. संसार सुरळीत आहे. अंतर फार नाही, एवढंच.

वयाइतकीच महत्त्वाची दुसरी नोंद आहे ती ताऱ्यांतल्या धातूंची. खगोलशास्त्रज्ञांची एक विचित्र सवय आहे. हायड्रोजन आणि हेलियम सोडून जगातल्या सगळ्या मूलद्रव्यांना ते सरसकट धातू म्हणतात. ऑक्सिजन धातू, कार्बनही धातू! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावावा, अशी ही परिभाषा. पण तिच्यात सोय आहे. महास्फोटातून जवळपास हायड्रोजन आणि हेलियम एवढंच आलं. बाकीचं सगळं ताऱ्यांच्या पोटात शिजलं आणि ते तारे फुटल्यावर अवकाशात मिसळलं. म्हणून जुन्या पिढीचे तारे धातूंच्या बाबतीत गरीब, नंतरच्या पिढीचे श्रीमंत.

ताऱ्यांच्या अशा दोन जमाती आहेत, हे वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये मांडलं. त्याची कथा ऐकण्याजोगी आहे. बाडे जर्मन होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून युद्धकामापासून दूर ठेवलं. बाकीचे शास्त्रज्ञ युद्धकामाला गेले आणि माउंट विल्सनची तेव्हाची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण बाडेंना भरपूर वापरायला मिळाली. त्यातच हल्ल्याच्या भीतीनं लॉस एंजेलिसचे दिवे विझवले जात होते. त्या काळोखात बाडेंनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे-सुटे टिपले आणि ते गोलाकार गुच्छांतल्या ताऱ्यांच्या जातकुळीचे आहेत, हे ओळखलं.

इथून आकाशगंगेच्या जन्माचा खरा वाद सुरू होतो. १९६२ मध्ये ओलिन एगन, डोनाल्ड लिंडेन-बेल आणि अ‍ॅलन सँडेज या तिघांनी एक सुबक चित्र मांडलं. वायूचा एक प्रचंड ढग होता. तो स्वतःच्या गुरुत्वानं काही कोटी वर्षांत झपाट्यानं आकसला. आकसताना आधी बाहेरचे, धातूंनी गरीब तारे आणि गुच्छ जन्मले. उरलेला वायू फिरत-फिरत सपाट तबकडी झाला आणि तिच्यात सूर्यासारखे श्रीमंत तारे जन्मले. एकाच मालकानं, एकाच आराखड्यानं बांधलेला वाडा म्हणा ना.

हे चित्र खरं असेल, तर केंद्रापासून जसजसं बाहेर जावं तसतसे गुच्छ अधिक गरीब आणि अधिक जुने सापडायला हवेत. लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी पालोमार वेधशाळेच्या पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून एकोणीस गुच्छांची पाहणी केली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. बाहेरच्या भागात असा कुठलाही क्रम नव्हता. लांबवर गरीब गुच्छ होते तसे मध्यम सुस्थितीतलेही होते. वयांतही फरक असावा, असं दिसत होतं. सर्ल आणि झिन यांनी म्हटलं, की बाहेरचे गुच्छ आकाशगंगेत जन्मलेच नसावेत. ते लहान-लहान तुकड्यांत जन्मले आणि ते तुकडे नंतर येऊन आकाशगंगेत मिसळले. वाडा एका दमात बांधलेला नाही. शेजारची घरं विकत घेत, भिंती पाडत तो वाढला आहे. एकोणीस गुच्छांवरून एवढं म्हणायला धाडस लागतं, आणि पुरावा तोकडा होता हेही खरं. मला स्वतःला हा निबंध या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात जे सापडलं नाही त्यावरून निष्कर्ष काढला आहे.

शेजारचं घर पाडताना रंगेहाथ पकडण्याची संधी १९९४ मध्ये आली. केंब्रिजमध्ये संशोधन करणारे विद्यार्थी रॉड्रिगो इबाटा, त्यांचे मार्गदर्शक जेरी गिलमोर आणि सहकारी माइक अर्विन हे आकाशगंगेच्या गाभ्याकडच्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यांना एकाच वेगानं चाललेल्या ताऱ्यांचा एक वेगळाच जथा आढळला. केंद्राच्या पलीकडच्या बाजूला एक आख्खी बटू दीर्घिका लपली होती आणि आकाशगंगा तिला फाडून खात होती. तिचे तारे ताणले जाऊन आकाशभर पट्ट्यासारखे पसरले आहेत. या धनू बटू दीर्घिकेच्या मधोमध काय असावं? 'एम ५४' हा गोलाकार गुच्छ! शार्ल मेसिएनं तो १७७८ मध्येच पाहिला होता. दोनशेहून अधिक वर्षं सगळे त्याला आपलाच समजत होते आणि तो निघाला परक्या घरातला. त्याच्यासोबत आणखी काही गुच्छही त्याच दीर्घिकेतून आले आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नारळ पडला की सोडण विस्कटतं, करवंटी टिकते. बटू दीर्घिका आकाशगंगेच्या ओढीत सापडली की तिचे विरळ तारे विखरून जातात. पण तिच्यातले गोलाकार गुच्छ घट्ट बांधणीचे असल्यामुळे बहुधा तगून राहतात. म्हणजे गिळलेल्या दीर्घिकेचा मागमूस उरला नाही, तरी तिचे गुच्छ आपल्यात फिरत असतात. प्रश्न एवढाच, की आपले कोणते आणि पाहुणे कोणते हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे नव्या माणसाची ओळख झाली की आडनाव विचारतात, त्यावरून नाही कळलं तर कुलदैवत विचारतात. माणूस चार पिढ्या मुंबईत राहिलेला असो, कुलदैवत कोकणातलं निघालं की मूळ गावाचा अंदाज येतो. गुच्छांनाही अशा दोन खुणा असतात.

पहिली खूण वय आणि धातू यांच्या जोडीची. मोठ्या दीर्घिकेत तारे भराभर जन्मतात, भराभर फुटतात आणि गुरुत्व जबर असल्यामुळे शिजलेले धातू निसटून जात नाहीत. तिथला वायू लवकर श्रीमंत होतो. लहान दीर्घिकेत हे सगळं संथपणे चालतं आणि पुष्कळ माल बाहेर उडून जातो. त्यामुळे दोन गुच्छ एकाच वयाचे असूनही एक श्रीमंत आणि एक गरीब असेल, तर गरीब गुच्छ लहान घरातून आला असण्याचा संभव मोठा. हबल दुर्बिणीनं अनेक गुच्छांची वयं एकाच मापानं काढल्यावर, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, आलेखावर खरोखरच दोन फांद्या वेगळ्या दिसल्या.

दुसरी खूण चालीची. आकाशगंगेत जन्मलेले गुच्छ केंद्राजवळ किंवा तबकडीच्या ओघात फिरतात. बाहेरून आलेले लांबट, तिरप्या, कधी चक्क उलट्या दिशेच्या कक्षांत फिरतात, आणि एका दीर्घिकेतून आलेल्यांच्या कक्षांमध्ये साम्य असतं. पण चाल कळायला गुच्छ आकाशात किती सरकला ते मोजायला हवं, आणि ते सरकणं इतकं सूक्ष्म असतं की जमिनीवरून ते मोजणं जिकिरीचं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये युरोपनं गाया हा उपग्रह सोडला. एप्रिल २०१८ मध्ये त्याची दुसरी माहिती-यादी प्रसिद्ध झाली आणि जवळपास सगळ्या गुच्छांच्या कक्षा एकदम हाती आल्या. २०२५ च्या मार्चमध्ये गायाला निरोप देण्यात आला. त्यानं जमवलेल्या माहितीवर मात्र अजून पुष्कळ वर्षं काम चालेल.

त्याच २०१८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या वाटेनं एकच गोष्ट दाखवली. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेवर एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका जवळजवळ समोरासमोर येऊन आदळली आणि विरून गेली. तिचे तारे आजही केंद्राकडे झेप घेऊन पुन्हा लांब जाणाऱ्या चिंचोळ्या कक्षांत फिरत आहेत. अमिना हेल्मी यांच्या गटानं तिला एट्ना ज्वालामुखीखाली गाडलेल्या ग्रीक राक्षसाचं, एन्सेलेडसचं नाव दिलं. वासिली बेलोकुरोव्ह यांच्या गटानं आलेखावर दिसलेल्या आकारावरून तिला 'सॉसेज' म्हटलं. एका ऐतिहासिक घटनेला एकाच वेळी राक्षस आणि खाद्यपदार्थ यांची नावं मिळावीत, हे शास्त्रज्ञांच्या स्वभावाला धरूनच झालं.

२०१९ मध्ये दाविदे मस्सारी, हेल्मी आणि त्यांचे सहकारी यांनी १५१ गुच्छांची खानेसुमारी केली. सुमारे ४० टक्के गुच्छ मूळचे इथले आणि बाकीचे बाहेरून आलेले असावेत, असा त्यांचा हिशेब. बेलोकुरोव्ह आणि आंद्रे क्राव्ह्त्सोव्ह यांनी पुढे रसायनांचा अधिक बारकाईनं आधार घेऊन फेरमांडणी केली. तिच्यात मूळच्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. हा फरक लहान नाही. सीमारेषेवरच्या गुच्छांना कुणी पाहुणा म्हणतं, कुणी घरचा. पण एगन मंडळी की सर्ल-झिन, या जुन्या वादाचा निकाल मात्र बराचसा लागला आहे: मधला जुना चौक घरच्यांनी बांधला आणि बाहेरचे सोपे शेजाऱ्यांच्या घरांतून आले. दोघांचंही अर्धं-अर्धं खरं होतं.

चित्रेखालच्या आपल्या ओमेगा सेंटॉरीची जात याच खानेसुमारीत सर्वांत संशयास्पद ठरते. इतर गुच्छांतले तारे लोहाच्या बाबतीत जवळपास सारखे असतात. याच्यात गरीब आणि श्रीमंत अनेक पिढ्या एकत्र आहेत, आणि तो आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेनं फिरतो. तो गुच्छ नसून गिळलेल्या दीर्घिकेचा उघडा पडलेला गाभा असावा, असं बहुतेकांचं मत आहे. २०२४ च्या जुलैमध्ये या मताला वजन आलं. हबलनं वीस वर्षांत घेतलेली पाचशेहून अधिक छायाचित्रं तपासून मॅक्सिमिलियन हेबर्ले आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मध्याशी सात तारे दाखवले. ते इतक्या वेगानं धावताहेत, की तिथे त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं तर केव्हाच निसटून गेले असते. धरून ठेवणारं ते कृष्णविवर असावं आणि त्याचं वजन किमान ८,२०० सूर्यांएवढं असावं. मोठ्या दीर्घिकांच्या मध्याशी लाखो-कोटी सूर्यांची कृष्णविवरं असतात, एकेका ताऱ्याच्या मरणातून होणारी कृष्णविवरं काही दशक सूर्यांची. मधल्या वजनाची सापडतच नव्हती. मात्र हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही.

या सगळ्यात आपल्या जुन्नर तालुक्याचाही वाटा आहे. नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. यशवंत गुप्ता, पाउलो फ्रेरे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिच्या साहाय्यानं कपोत तारकासमूहातल्या 'एनजीसी १८५१' या गुच्छात सेकंदाला दोनशे गिरक्या घेणारा एक न्यूट्रॉन तारा शोधला. त्याची जोडीदाराभोवतीची कक्षा कमालीची लांबट होती. एवढ्या लांबट कक्षेचा अर्थ असा, की त्या गर्दीत त्याचा मूळचा जोडीदार सुटला आणि धक्काबुक्कीत दुसरा मिळाला असावा. याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीच्या साहाय्यानं असाच दुसरा एक न्यूट्रॉन तारा सापडला. त्याचा जोडीदार नेहमीच्या न्यूट्रॉन ताऱ्याहून जड आणि नेहमीच्या कृष्णविवराहून हलका असल्याचं जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तो नेमका कोण, हे ठरलेलं नाही. आणि हा एनजीसी १८५१ त्या सॉसेजमधून आलेल्या गुच्छांच्या यादीत घातला गेला आहे.

उरलेली सर्वांत मोठी अडचण म्हणजे असे गुच्छ मुळात जन्मले कसे. आज आकाशगंगेत इतके दाट गुच्छ जन्मताना दिसत नाहीत. त्यांतल्या ताऱ्यांमध्ये सोडियम, ऑक्सिजन यांसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण चमत्कारिक रीतीनं कमी-जास्त असतं, याचं समाधानकारक स्पष्टीकरणही अजून नाही. मग उपाय एकच: फार लांब, म्हणजेच फार पूर्वीचं पाहायचं. जेम्स वेब दुर्बिणीनं ते केलं. अँजेला अदामो आणि सहकाऱ्यांनी जून २०२४ मध्ये अशी एक दीर्घिका दाखवली, जिचा प्रकाश विश्व फक्त ४६ कोटी वर्षांचं असताना निघाला. वाटेतल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वानं भिंगासारखं काम केलं नसतं, तर तिच्यातलं काही वेगळं दिसलंच नसतं. त्या भिंगातून तिच्या कमानीसारख्या ताणलेल्या प्रतिमेत पाच ठिपके सुटे दिसतात. ते आहेत नुकते जन्मलेले पाच घट्ट, वजनदार तारकागुच्छ. दाटी अशी, की आज आपल्या शेजारी जन्मणारे तरुण गुच्छ त्यांच्यापुढे विरळ वाटावेत. या पाचांपैकी किती पुढची तेरा अब्ज वर्षं तगले आणि किती वाटेतच विस्कटले, हे त्या प्रकाशात लिहिलेलं नाही. पण एकाच दीर्घिकेत पाच-पाच जन्मत होते, एवढं आता डोळ्यांसमोर आहे.